डोंगरावरचे घर आणि त्याचे दार



संस्था काढणे सोपे असते. ती चालवणे अवघड असते. आणि ती सर्वांसाठी उघडी ठेवणे त्याहूनही अवघड असते. वस्तीतले मंडळ असो, गिरणीतली पतपेढी असो, महिला मंडळ असो की वाचनालय असो, ज्यांनी ज्यांनी अशा कामात हात घातला आहे त्यांना हे वेगळे सांगायला नको.

या आठवड्यात आम्ही अशाच एका संस्थेची हकिकत सांगणार आहोत. ही संस्था आपल्यापासून हजारो मैल दूर, जर्मनीच्या बर्लिन शहरात आहे. ती डोंगर चढणाऱ्यांची, म्हणजे गिर्यारोहकांची संस्था आहे. ‘जर्मन आल्पाइन संघाची बर्लिन शाखा’ असे तिचे नाव. तुम्ही म्हणाल, दिवसभर घाम गाळून घरी येणाऱ्या माणसाने परदेशातल्या डोंगर चढणाऱ्यांची माहिती कशाला वाचायची? आमचे म्हणणे एवढेच की शेवटपर्यंत वाचा. या हकिकतीत बर्फ आहे, डोंगर आहेत, पण खरी गोष्ट एका घराच्या दाराची आहे. ते दार कोणासाठी उघडले, कोणासाठी बंद झाले आणि पुन्हा कसे उघडले, हे मुलाबाळांनाही कळावे असे आहे.

सपाट शहरातले डोंगरवेडे

बर्लिन हे शहर अगदी सपाट जमिनीवर वसले आहे. आल्प्सचे मोठे डोंगर तेथून शेकडो किलोमीटर दक्षिणेला. तरीही १८६९ साली या शहरातील काही मंडळींनी एकत्र येऊन गिर्यारोहकांची शाखा काढली. त्याच वर्षी मे महिन्यात म्युनिक शहरात जर्मन आल्पाइन संघ स्थापन झाला होता. त्याआधी लंडनमध्ये १८५७ साली आणि व्हिएन्नामध्ये १८६२ साली असे संघ निघालेले होते. आगगाड्या सुरू झाल्यामुळे शहरातल्या माणसाला सुट्टीत डोंगरापर्यंत पोहोचता येऊ लागले होते, आणि शिकलेल्या, पगारदार वर्गात ही आवड वाढत चालली होती.

पुढे १८७३ साली जर्मन आणि ऑस्ट्रियन हे दोन्ही संघ एक झाले. या मोठ्या संघाची रचना लक्षात ठेवण्यासारखी आहे, कारण पुढच्या सगळ्या गोष्टीचे मूळ तिच्यात आहे. माणूस थेट संघाचा सभासद होत नसे. तो आपल्या गावच्या शाखेचा सभासद होई. प्रत्येक शाखेचे स्वतःचे पदाधिकारी, स्वतःची वर्गणी, स्वतःची घटना. कोणाला सभासद करून घ्यायचे आणि कोणाला नाही, हे शाखाच ठरवी. ही मोकळीक चांगलीच होती. पण ज्या मोकळिकीने चांगले काम करता येते, त्याच मोकळिकीने वाईटही करता येते.

या संघाच्या संस्थापकांत फ्रान्झ सेन नावाचे एक धर्मगुरू होते. ते डोंगरातल्या व्हेंट या खेड्यात राहत. त्यांच्या गावची माणसे फार गरीब होती. शेती थोडी, हिवाळा लांब. शहरातील लोक डोंगर बघायला आले, त्यांना वाट दाखवायला गावकरी लागले, तर चार पैसे गावात येतील, असा त्यांचा विचार होता. त्यासाठी वाटा बांधायला हव्यात, मुक्कामाला घरे हवीत, वाटाड्यांना नीट शिक्षण आणि ठरलेला मोबदला हवा, असा आग्रह त्यांनी धरला. म्हणजे या संघाच्या पायात नुसती हौस नव्हती, डोंगरातल्या गरिबाच्या पोटाचाही विचार होता.

निवाऱ्याची घरे

आल्प्समधील शिखरावर एका दिवसात जाऊन परत खालच्या गावात येणे बहुधा जमत नाही. चढ मोठा, हवामान लहरी. दुपारी ऊन असते आणि तासाभरात धुके, गारा, बर्फ. अशा वेळी वाटेत डोक्यावर छप्पर नसेल तर माणूस गारठून मरतो. म्हणून संघाच्या शाखांनी उंचावर निवाऱ्याची घरे बांधण्याचे काम हाती घेतले. तिकडे त्यांना ‘ह्युटे’ म्हणतात.

बर्लिन शाखेने आपले पहिले मोठे घर १८७९ साली ऑस्ट्रियातील झिलरटाल या डोंगराळ भागात उभे केले. त्याचे नाव ‘बर्लिनर ह्युटे’. ते सुमारे २,०४० मीटर उंचीवर आहे. आपल्या महाराष्ट्रातले सर्वांत उंच शिखर कळसूबाई १,६४६ मीटर आहे, यावरून अंदाज करा. कळसूबाईच्या माथ्याहून शेकडो मीटर उंच जागी या लोकांनी मुक्कामाचे घर बांधले.

सुरुवातीला घर लहान होते. मग माणसे वाढली, तसे घर वाढत गेले. पुढे तेथे लाकडी नक्षीकामाचे मोठे भोजनगृह झाले. घरात टपाल कार्यालय होते, फाटलेले बूट शिवून देणाऱ्या चांभाराची कामाची जागा होती, फोटो धुण्याची अंधारी खोलीही होती. १९९७ साली ऑस्ट्रियात या घराला संरक्षित वास्तूचा दर्जा मिळाला. शाखेने आणखीही घरे बांधली. त्यातले ‘फुर्टशागलहाउस’ १८८९ सालचे. एका घरातून दुसऱ्या घरात जाणाऱ्या पायवाटाही झाल्या. आज त्या भागात कित्येक दिवसांची एक प्रसिद्ध पायी वाट आहे. तिला ‘बर्लिनची उंच वाट’ याच अर्थाचे नाव आहे.

अशा घराचे काही साधे नियम असतात. चिखलाचे बूट बाहेरच्या खोलीत काढायचे. झोपायला एका ओळीत गाद्या. रात्री ठरल्या वेळी दिवे मालवायचे, कारण पहाटे अंधारात निघणारे असतात. आल्या-गेल्याने वहीत नाव लिहायचे आणि पुढे कोठे जाणार तेही लिहायचे, म्हणजे कोणी हरवला तर शोध घेता येतो. संघाच्या सभासदाला कमी दरात जागा मिळते. आणि सगळ्यांत मोठा अलिखित नियम असा, की वादळात सापडलेल्या माणसाला दारातून परत पाठवायचे नाही.

हा शेवटचा नियम ध्यानात ठेवा. पुढे काय घडले ते आता ऐका.

घटनेतले एक कलम

त्या काळी जर्मनी आणि ऑस्ट्रियातील शहरांत ज्यू समाजाची बरीच वस्ती होती. त्यात डॉक्टर, वकील, व्यापारी, शिक्षक, तसेच कारागीर आणि मजूरही होते. आल्पाइन संघाच्या अनेक शाखांत ज्यू सभासद होते. त्यांनी इतरांसारखीच वर्गणी भरली होती, घरे बांधायला पैसे दिले होते, वाटा आखायला मदत केली होती, एका दोरीला बांधून घेऊन इतरांबरोबर बर्फातून चालले होते. दोरीला बांधलेल्या माणसांत एकाचा पाय घसरला तर दुसऱ्याने त्याला धरायचे असते. तेथे कोणी कोणाचा धर्म विचारत नाही.

पण खाली शहरात, सभागृहात, टेबलाभोवती बसून तो विचारला जाऊ लागला. बर्लिनमध्येच १८९९ साली ‘मार्क ब्रांडेनबुर्ग’ नावाची एक वेगळी शाखा निघाली. तिने आपल्या घटनेतच असे कलम घातले की ज्यूंना सभासद होता येणार नाही. त्या वेळी अनेकांना ही एका शाखेची खासगी बाब वाटली. शाखा आपापल्या घटनेने चालतात, आपण कशाला बोला, असे म्हणून संघाने ते चालवून घेतले.

मग पहिले महायुद्ध झाले. १९१८ साली जर्मनी आणि ऑस्ट्रिया हरले. ऑस्ट्रियाचे मोठे साम्राज्य कोसळून लहानसा देश उरला. उपासमार, महागाई, बेकारी आली. असे दिवस आले की लोक दोष देण्यासाठी कोणीतरी शोधतात, आणि बहुधा जो संख्येने थोडा असतो त्याच्यावर बोट जाते. १९२१ साली व्हिएन्नातील ‘ऑस्ट्रिया’ या बलाढ्य शाखेने एडुआर्ड पिखल यांच्या पुढाकाराने ज्यूंना बाहेर ठेवणारे कलम मंजूर केले. या कलमाला तिकडे ‘आर्य कलम’ म्हणत. हळूहळू ऑस्ट्रियातील बहुतेक शाखांनी तेच केले. वर्षानुवर्षे वर्गणी भरलेले सभासद एका रात्रीत परके झाले.

बाहेर काढलेल्या या ज्यू सभासदांनी आणि त्यांच्या बाजूने उभ्या राहिलेल्या इतर काही मित्रांनी १९२१ सालीच व्हिएन्नात स्वतःची शाखा काढली. तिचे नाव ‘डोनाउलांड’, म्हणजे डॅन्यूब नदीचा प्रदेश. तिच्यात जन्माची अट नव्हती. तिला मोठ्या संघात रीतसर जागाही मिळाली. परंतु बाकीच्या शाखांना एवढेही सहन झाले नाही. ही शाखाच संघातून काढून टाका, नाहीतर आम्ही वेगळे होतो, अशी धमकी ऑस्ट्रियातील शाखा देऊ लागल्या.

डिसेंबर १९२४ मध्ये म्युनिक येथे संघाची खास सर्वसाधारण सभा भरली. प्रश्न मतास टाकला गेला आणि प्रचंड बहुमताने डोनाउलांड शाखेला संघाबाहेर काढण्यात आले.

येथे वाचकांनी क्षणभर थांबून तारखेकडे बघावे. हिटलर जर्मनीत सत्तेवर आला जानेवारी १९३३ मध्ये. हा ठराव झाला १९२४ साली, म्हणजे आठ वर्षे आधी. कोणत्याही सरकारने संघावर सक्ती केली नव्हती. पोलीस दाराशी उभे नव्हते. सुशिक्षित, सभ्य, स्वतःला निसर्गप्रेमी म्हणवणाऱ्या माणसांनी हात वर करून हा ठराव केला. नियमानुसार सूचना आली, नियमानुसार चर्चा झाली, नियमानुसार मतदान झाले. अन्याय नेहमीच लाठी घेऊन येतो असे नाही. कधी कधी तो कार्यक्रमपत्रिकेतल्या एका विषयाच्या रूपाने येतो.

बाहेर पडलेल्यांचे घर

बर्लिन शाखेतील अनेक सभासदांना हा ठराव पटला नाही. त्यातले शेकडो जण, ज्यू आणि ज्यू नसलेलेही, शाखेतून बाहेर पडले आणि १९२५ साली त्यांनी बर्लिनमध्ये आपला स्वतंत्र आल्पाइन संघ स्थापन केला. जे ज्यू नव्हते त्यांना बाहेर पडण्याची काही गरज नव्हती. त्यांचे दार कोणी बंद केले नव्हते. कमी दराची जागा, ओळखीची माणसे, वर्षानुवर्षांची मैत्री, हे सगळे त्यांना तसेच मिळत राहिले असते. तरीही ते उठून गेले. नावे फारशी कोणाला ठाऊक नसलेल्या या माणसांबद्दल आम्हाला फार आदर वाटतो.

मूळ बर्लिन शाखा मात्र मोठ्या संघातच राहिली.

आता नव्या संघापुढे प्रश्न आला मुक्कामाचा. पूर्व आल्प्समधील बहुतेक निवारे मोठ्या संघाच्या शाखांचे. काही घरांवर तर ज्यू आणि डोनाउलांडचे सभासद येथे नकोत, अशा आशयाच्या पाट्या लागल्या. ज्या घरांसाठी आपण वर्गणी भरली, त्या घराच्या भिंतीवर आपल्याला मज्जाव करणारी पाटी! असल्या पाटीसमोर उभे राहिल्यावर माणसाला काय वाटते, हे आपल्या वाचकांना समजावून सांगण्याची गरज नाही.

रडत न बसता या मंडळींनी स्वतःचे घर बांधायचे ठरवले. १९२८ ते १९३० या काळात झिलरटालच्याच डोंगरात, जवळजवळ अडीच हजार मीटर उंचीवर, दगडी बांधणीचे घर उभे राहिले. त्याचे नाव ‘फ्रीझनबेर्गहाउस’. आजूबाजूला नुसते खडक, खाली एक लहान तळे, मागे हिमाच्छादित शिखरे. व्हिएन्नाच्या डोनाउलांडची माणसे आणि बर्लिनची माणसे तेथे मिळून येत.

हे सुख फार दिवस टिकले नाही. १९३३ साली नाझी राजवट आली. १९३४ साली बर्लिनच्या या स्वतंत्र संघाला बरखास्त व्हावे लागले. त्यांनी आपले घर व्हिएन्नाच्या डोनाउलांडकडे सोपवले, कारण ऑस्ट्रिया तेव्हा वेगळा देश होता. पण मार्च १९३८ मध्ये हिटलरने ऑस्ट्रियाही गिळला. डोनाउलांड बंद झाली आणि घर जप्त झाले. त्यानंतर जे घडले ते जगाला ठाऊक आहे. युरोपातील सुमारे साठ लाख ज्यू स्त्री-पुरुष आणि मुलांना ठार मारण्यात आले. डोनाउलांडच्या सभासदांतील अनेक जण देश सोडून पळाले, अनेक जण छळछावण्यांत संपले.

डोंगरावरच्या घराचे दार बंद करणाऱ्यांनी १९२४ साली या शेवटाची कल्पना केली असेल असे आम्ही म्हणत नाही. पण माणसांना जन्मावरून वेगळे काढायची सवय लागते ती अशाच ठिकाणी. आधी क्लबात, मग शाळेत, मग दुकानात, मग वस्तीत. नाझींनी ती सवय शोधून काढली नव्हती. ती त्यांना आयती मिळाली.

छावणीतून परत आलेला एक डॉक्टर

डोनाउलांडच्या सभासदांत व्हिएन्नाचे मनोविकारतज्ज्ञ डॉ. व्हिक्टर फ्रांकल हे एक होते. त्यांचा जन्म १९०५ चा. डोंगर चढण्याचा त्यांना विलक्षण नाद. १९४२ साली त्यांना आईवडील आणि पत्नीसह टेरेझिनच्या छावणीत पाठवण्यात आले. पुढे ते आउशविट्झमध्येही होते. वडील, आई आणि तरुण पत्नी, तिघेही छावण्यांत गेले. फ्रांकल मात्र जिवंत परत आले आणि १९४६ साली त्यांनी आपल्या अनुभवावर पुस्तक प्रसिद्ध केले. ते पुढे जगभर वाचले गेले. माणसाचे सगळे काही हिरावून घेतले तरी समोरच्या परिस्थितीला कसे तोंड द्यायचे हे ठरवण्याचे स्वातंत्र्य त्याच्याकडून कोणी घेऊ शकत नाही, हा त्यांच्या विचाराचा गाभा.

युद्धानंतर ते त्याच व्हिएन्नात राहिले, तेथील रुग्णांवर उपचार केले, आणि म्हातारपणापर्यंत डोंगर चढत राहिले. ज्या डोंगरांवर आपल्यासारख्यांना मज्जाव झाला होता, त्याच डोंगरांवर ते पुन्हा गेले. १९९७ साली त्यांचे निधन झाले. डोंगरांवर पाटी लावणारी माणसे होती, डोंगरांनी कधी पाटी लावली नव्हती.

मजुरांचे आणि बायकांचे काय?

येथे आपल्या वाचकांच्या मनात आणखी एक प्रश्न येईल. ज्यूंसाठी कलम तरी करावे लागले. पण कारखान्यातल्या मजुराचे काय? त्याला कोणी मनाई केली नव्हती, तरी तो या शाखांत क्वचितच दिसे. कारण साधे होते. वर्गणी परवडत नसे, बूट-दोर परवडत नसत आणि सुट्टी तर मुळीच मिळत नसे.

म्हणून १८९५ साली व्हिएन्नात कामगारांनी आपली वेगळी संघटना काढली. तिचे नाव ‘नाटुरफ्रॉइंडे’, म्हणजे निसर्गमित्र. तिच्या संस्थापकांत गेओर्ग श्मीडल हे शिक्षक होते, आलोइस रोहराउअर हे लोहारकाम करणारे कामगार होते, आणि कार्ल रेनर हे विद्यार्थी होते. हेच रेनर पुढे ऑस्ट्रियाचे राष्ट्राध्यक्ष झाले. रविवारी मजुराने दारूच्या गुत्त्यात बसण्याऐवजी बायकामुलांना घेऊन डोंगरात जावे, मोकळी हवा घ्यावी, असा त्यांचा प्रयत्न होता. सभासदांनी सुट्टीच्या दिवशी स्वतःच्या हातांनी दगड-विटा वाहून आपली घरे बांधली. एकमेकांना भेटल्यावर ते ‘बेर्ग फ्राय’ म्हणत, म्हणजे डोंगर मोकळा असो. त्या काळी अनेक जंगले आणि डोंगर जमीनदारांच्या मालकीचे, तेथे गरिबाला पाय टाकू देत नसत. म्हणून ही हाक. १९३३ साली जर्मनीत आणि १९३४ साली ऑस्ट्रियात या संघटनेवरही बंदी आली. युद्धानंतर ती पुन्हा उभी राहिली आणि आजही चालू आहे.

बायकांची गोष्टही ऐकण्यासारखी आहे. शेजारच्या स्वित्झर्लंडमधील आल्पाइन क्लबने १९०७ साली स्त्रियांना सभासदत्व नाकारले. १९१८ साली स्त्रियांनी आपला स्वतंत्र क्लब काढला आणि साठ वर्षांहून अधिक काळ तो चालवला. १९८० च्या सुमारास दोन्ही क्लब एक झाले. घरातल्या भगिनींनी हे वाचून ठरवावे की दार उघडायला कोणाला किती वर्षे लागतात.

घर परत कोणाकडे गेले?

युद्ध संपल्यावर डोनाउलांड पुन्हा सुरू झाली आणि फ्रीझनबेर्गहाउस तिला परत मिळाले. पण घर परत मिळाले तरी माणसे कोठून आणायची? पूर्वीच्या सभासदांपैकी फार थोडे उरले होते. मोडकळीस आलेले घर दुरुस्त करायला, चालवायला हात नव्हते. शेवटी १९६८ साली त्यांनी ते घर बर्लिन शाखेच्या हवाली केले. काही वर्षांनी, १९७६ साली, डोनाउलांड कायमची बंद झाली.

म्हणजे बघा, ज्या संघाने त्यांना बाहेर काढले, त्याच संघाच्या शाखेच्या हाती बाहेर काढलेल्यांनी बांधलेले घर आले. अशा वेळी गप्प बसणे सोपे असते. घर रंगवून घ्यावे, नवी पाटी लावावी, जुन्याची वाच्यता करू नये. बरीच वर्षे मोठ्या संघात तसेच चालले. आपल्या इतिहासातील तेवढी पाने उलटून पुढे जाण्याची रीत होती.

मग पुढच्या पिढीने प्रश्न विचारायला सुरुवात केली. जुने अहवाल, इतिवृत्ते, नियतकालिके बाहेर काढून वाचली गेली. कोणी सूचना मांडली, कोणी अनुमोदन दिले, सगळे त्यात लिहिलेले होतेच. २००१ साली जर्मन आल्पाइन संघाने असहिष्णुता आणि द्वेष यांच्या विरुद्ध जाहीर निवेदन केले आणि आपल्या संघाने ज्यू सभासदांवर केलेला अन्याय मान्य केला. २००३ साली फ्रीझनबेर्गहाउस हे असहिष्णुता आणि द्वेषाविरुद्धचे आंतरराष्ट्रीय भेटीचे ठिकाण म्हणून जाहीर झाले. आज डोंगर चढून तेथे गेलेल्या तरुण-तरुणींना मुक्काम मिळतो आणि त्या घराचा इतिहासही समजतो.

मेलेले परत येत नाहीत. माफी मागितल्याने १९२४ चा ठराव न झाल्यासारखा होत नाही. पण आपल्याच संस्थेची काळी पाने आपणच उघडून नव्या सभासदांना वाचायला देणे, ही लहान गोष्ट नाही. कित्येक संस्थांना ती शंभर वर्षांतही जमलेली नाही.

आज शाखा काय करते?

आज बर्लिन शाखेचे सभासद वीस हजारांहून जास्त आहेत. मोठ्या जर्मन संघाची सभासद संख्या सुमारे १५ लाख आहे. डोंगर दूर असल्यामुळे शाखेने शहरातच सरावाच्या जागा केल्या आहेत. त्यातल्या दोन जागा मोठ्या विलक्षण आहेत. बर्लिनच्या हुंबोल्टहाइन बागेत दुसऱ्या महायुद्धातील विमानविरोधी तोफांचा प्रचंड काँक्रीटचा बुरूज उभा आहे. त्याच्या भिंतीवर आज मुले-मुली दोर लावून चढाईचा सराव करतात. दुसरी जागा टॉयफेल्सबेर्ग. ही टेकडी निसर्गाने केलेली नाही. युद्धात बॉम्ब पडून कोसळलेल्या घरांचा राडारोडा टाकून टाकून ती तयार झाली. तेथेही शाखेचा चढाईचा मनोरा आहे.

शाखा तरुणांचे आणि कुटुंबांचे गट चालवते, दोर कसा बांधावा, हिमनदीवर कसे चालावे, अपघात झाला तर काय करावे याचे वर्ग घेते. डोंगरातली घरे आणि वाटा सांभाळणे हे तर तिचे सर्वांत मोठे काम. दर उन्हाळ्यात स्वयंसेवक वर जातात, वाहून गेलेली वाट बांधतात, खडकावर रंगाच्या खुणा करतात. आता त्यात नवी अडचण आली आहे. हवा तापत चालल्याने बर्लिनर ह्युटेच्या आसपासच्या हिमनद्या पुष्कळ मागे हटल्या आहेत. बर्फाने धरून ठेवलेले दगड सुटतात, जुन्या वाटा धोक्याच्या होतात आणि नव्या आखाव्या लागतात. वाट एकदा बांधली की झाले असे नसते, ती दरवर्षी सांभाळावी लागते.

आपल्यासाठी चार शब्द

वाचकहो, या हकिकतीतून आम्हाला जे घ्यावेसे वाटते ते साध्या शब्दांत सांगतो.

पहिली गोष्ट, तुम्ही ज्या मंडळाचे, सोसायटीचे, पतपेढीचे सभासद असाल तिची घटना एकदा काढून वाचा. सभासद कोणाला होता येते हे कलम विशेष लक्ष देऊन वाचा. बहुतेकांनी ते कधी वाचलेलेच नसते. विधवा, परगावाहून आलेले, भाड्याने राहणारे, वेगळ्या जातीत लग्न केलेले, यांना त्यात जागा आहे की नाही? कागदावर जागा असून प्रत्यक्षात नाही, असे तर नाही ना? मजुरावर कोणी कलम केले नव्हते, तरी तो बाहेरच राहिला, हे विसरू नका.

दुसरी गोष्ट, सभेला जा. म्युनिकच्या सभेत जे झाले ते हात वर करून झाले. ज्यांना ते पटले नव्हते पण जे घरी बसले, त्यांचे मत कोठेच मोजले गेले नाही.

तिसरी गोष्ट, इतिवृत्ताची वही नीट ठेवा. सत्तर-ऐंशी वर्षांनी नातवंडांना खरे काय झाले हे त्या वहीतूनच कळते. बर्लिन आणि म्युनिकच्या मंडळींना आपला दोष कळला तो जुन्या कागदांमुळे.

आणि चौथी गोष्ट मुलांसाठी. एखाद्या रविवारी जेवणे झाल्यावर ही हकिकत त्यांना वाचून दाखवा. मग त्यांना विचारा, तुझ्या वर्गातल्या एखाद्या मुलाला बाकीच्यांनी खेळात घेतले नाही, आणि तुला मात्र घेतले, तर तू काय करशील? खेळत राहशील की त्याच्याकडे जाशील? १९२५ साली बर्लिनमध्ये शेकडो माणसांनी याच प्रश्नाचे उत्तर दिले होते. मुलांचे उत्तर काय येते ते ऐका, आणि आम्हालाही एका पोस्टकार्डावर जरूर कळवा.